मागे बसायची उघडी गाडी

गाडीला वर टप नको आणि मागे बसायला जागा हवी, या बायकोच्या दोनच अटी होत्या. तिसरी अट माझी होती, ती म्हणजे किंमत, आणि ती मी घराबाहेर कोणाला सांगत नव्हतो. न्हाणीघराची फरशी बदलायला म्हणून जे बाजूला ठेवलं होतं तेवढंच हातात होतं. फरशी अजून तशीच आहे. तिच्यावरून कोण कधी घसरलं हा वेगळा विषय आहे, आणि तो मी मुद्दाम टाळतो.

बायकोला बंद गाडी लागते. थोडीथोडकी नाही. दार लावल्याचा आवाज झाला की तिचा चेहरा उतरतो, पहिल्या वळणाला ती बोलायची थांबते आणि दुसऱ्या वळणाला बाकीचे लोक बोलायचे थांबतात. बसमध्येही तेच. लिंबू, आलं, गोळ्या, मनगटाला पट्टा, पोटावर वर्तमानपत्र, सगळं करून झालं. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीचं सामान पोचवायला उघडा ट्रक केला होता. त्यात मागे गादीच्या वळकटीवर बसून ती चार तासांचा घाट चढून गेली आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, भूक लागली. तेव्हापासून तिचं पक्कं मत आहे की तिला गाडी लागत नाही, टप लागतो.

पुढच्या सीटवर मात्र ती बसत नाही. पुढे बसलं की समोरून येणारी प्रत्येक गाडी अंगावर येते, असं तिचं म्हणणं आहे. मी चालवत असेन तर ते अगदीच खोटं नाही.

आता या वयात गाडी कशाला, असं सगळ्यांनी विचारलं, म्हणून एकदा सांगून टाकतो. ही थोरली बहीण घाटाच्या वर एकटी राहते. पाय अधू, तिला खाली येता येत नाही. हिला वर जाता येत नाही. अकरा वर्षं दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं, पण दर रविवारी सकाळी दहाला फोन असायचा आणि तो अकराच्या आत कधी संपायचा नाही. मग हळूहळू बहिणीचे कान गेले. तिला ते कबूल नव्हतं. "आवाज येत नाही गं, फोन बिघडलाय. ठेवते," असं म्हणून ती ठेवून द्यायची. ही पुन्हा लावायची. पुन्हा फोन बिघडलेला. असे तीन-चार रविवार गेले. शेवटी बहिणीच्या शेजारणीनं कळवलं की अगदी कानाशी तोंड नेऊन बोललं तर अजून ऐकू येतं, पण डॉक्टर म्हणतात तेही फार दिवस राहणार नाही. वर्ष म्हणा, किंवा त्याच्याही आत.

त्या दिवशी बायको एकच टॉवेल तीनदा घडी करत बसली होती. मग मला म्हणाली, "अहो, टप नसलेली गाडी असते ना?"

मी जन्मभर गाड्यांच्या सीटा आणि हूड शिवले. हूड म्हणजे उघड्या गाडीवर ओढायचा कापडी टप. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार, असं मला वाटलं, आणि सगळा घोटाळा या वाटण्यापासून सुरू झाला.

पहिल्या आठवड्यात एवढं कळलं की ज्या गाडीला टप नसतो तिला मागची सीटही नसते. वाऱ्याची हौस असणाऱ्या माणसाला नातेवाईक नसतात, असं गाड्या बनवणाऱ्यांनी कुठंतरी बसून ठरवलेलं दिसतं. काचेच्या मोठ्या शोरूममधला टाय लावलेला पोरगा मला म्हणाला, "आजोबा, नातवासाठी बघताय का?" मी म्हटलं, बायकोसाठी. तो आत गेला आणि त्यानं दुसऱ्या एकाला बाहेर आणलं. त्या दुसऱ्याला काही विकायचं नव्हतं, फक्त मला बघायचं होतं.

मग शेजार जागा झाला. आमच्या खालच्या मजल्यावर नकाशेवाले राहतात. जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले, पण फीत अजून खिशात असते. त्यांनी बायकोला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर भिंतीला पाठ टेकवून बसवलं आणि गुडघ्यापर्यंत माप घेतलं.

"वहिनी, मोकळेपणानं बसा. प्रवासात माणूस असं ताठ बसत नाही."

"तुम्ही माप घेताय म्हणून ताठ बसलेय."

"म्हणजे हे माप धरता येणार नाही," असं म्हणून त्यांनी पुन्हा घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर बायकोची बसलेली बाजूची आकृती काढून आणली, प्रमाण एकास दहा. आकृतीला डोकं नव्हतं. डोक्याचा प्रश्न येत नाही, वर टपच नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. बायकोनं तो कागद घडी करून मिठाच्या बरणीखाली ठेवला.

वरच्या मजल्यावर हेडबाई. शाळा सुटून बारा वर्षं झाली, पण जिन्यात भेटल्या की मी अजून कडेला उभा राहतो. त्या म्हणाल्या, "गाडी घ्यायची तर गाडी घ्या. टप नसलेली गाडी म्हणजे चाकं लावलेली खुर्ची. ती तुम्हाला तसंही लवकरच लागेल." हेडबाईंना उत्तर द्यायचं तर आधी हात वर करावा लागतो.

तिसऱ्या आठवड्यात एक लाल गाडी पाहिली. तिला मागे सीट होती, निदान तसं नाव होतं. बायको आत शिरली. शिरली ते ठीक, पण नंतर निघेना. गुडघे पुढच्या सीटला आणि पाठ मागच्या पत्र्याला, मधे अगदी उंदीर जाईल एवढीही फट नाही. मालक, मालकाचा भाऊ आणि मी, तिघांनी तीन बाजूंनी उपाय सुचवले. नकाशेवाले कागद आणायला विसरल्याबद्दल हळहळत होते. शेवटी पुढची सीट नटबोल्टसकट काढली तेव्हा ती बाहेर आली. मी विचारलं, लागलं का कुठे? ती म्हणाली, "लागलं, पण गाडी नाही लागली. आपण बरोबर रस्त्यावर आहोत."

आणि मग जुन्या गाड्यांच्या एका दलालाचा फोन आला. जुन्या लोखंडाच्या बाजारामागे त्याचं मोकळं आवार होतं. तिथे एका कोपऱ्यात ती उभी होती. लांब, फिक्या पिस्त्याच्या रंगाची, डोळे मोठे. मागची सीट खरी होती. खरी म्हणजे दोन मोठी माणसं मांडीवर पिशव्या घेऊन बसतील अशी. दलाल म्हणाला, "काका, हिला फार जपून वापरलंय."

पण माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मी हूडकडे बघत होतो. असा हूड मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. जाड दुहेरी कापड, कडेनं मेण लावलेला दोरा, दोन रांगांत टाके, प्रत्येक टाका सारख्या लांबीचा, कोपऱ्यात कुठे चुणी नाही की ओढ नाही. मी खिशातून चष्मा काढला आणि सगळ्या गाडीभोवती शिवणीच्या कडेकडेनं फिरलो. इंजिन पाहिलं नाही. कागद पाहिले नाहीत. मला अक्षरं उशिरा आली, पन्नाशी उलटल्यावर, त्यामुळे हाती येईल तो कागद मी खालच्या बारीक ओळींसकट वाचून काढतो. पण त्या दिवशी कागद सोडून मी शिवण वाचत बसलो.

दलालाला मी त्या शिवणीवर जवळजवळ अर्धा तास व्याख्यान दिलं. असे हात आता राहिले नाहीत, हे काम करणारा माणूस कोण होता कोण जाणे, पण त्यानं आपल्या कामावर प्रेम केलंय, वगैरे. दलालानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि किंमत वाढवली.

गाडी घरी आली. सगळी इमारत खाली उतरली. नकाशेवाल्यांनी मागची सीट मोजली आणि आकृतीत चार बोटं शिल्लक राहतात असं जाहीर केलं. हेडबाईंनी वरूनच पाहिलं. बायकोनं पदर खोचला, मागच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "उघडा."

मी खटके सोडले. हूड हलला नाही. मी जोर लावला, नकाशेवाल्यांनी दुसऱ्या बाजूनं लावला, समोरच्या गॅरेजचा मेस्त्री आला आणि त्यानं मधून लावला. गाडी थोडी उचलली गेली, हूड नाही. मेस्त्रीनं आत डोकं घालून बॅटरीनं पाहिलं आणि म्हणाला, "हा टप नाहीच उघडायचा. सगळीकडून खालच्या पट्टीला शिवून टाकलाय."

मी आत वाकलो. पट्टीला भोकं पाडून आतून दाभणानं टाके घातले होते. शेवटच्या टाक्याला तीन गाठी होत्या, तिसरी उलटी.

उलटी तिसरी गाठ फक्त मी मारतो. माझ्या उस्तादानं मला दोनच शिकवल्या होत्या.

मग एकदम आठवलं. चोवीस वर्षांपूर्वी एक दातांचे डॉक्टर आले होते. पावसात हूड गळतो आणि नेमका मांडीवर गळतो, दवाखान्यात पोचेपर्यंत पँट ओली, रोगी विचित्र नजरेनं बघतात. मी तीनदा दुरुस्त करून दिला. चौथ्यांदा ते चिडून म्हणाले, कायमचा बंद करून टाका. आणि मी केला. चार दिवस लागले. गाडी देताना छाती पुढे काढून म्हणालो होतो, साहेब, हे आता कोणाच्या बापाला उघडायचं नाही.

बायकोनं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे शिवलंत तुम्ही, भाळलात तुम्ही, आणि जास्तीचे पैसे दिलेत तेही तुम्हीच."

"काम चांगलं होतं," मी म्हटलं.

"ते दिसतंच आहे."

माझ्यापुरता हा प्रश्न सोपा होता. शिवलं ते उसवता येतं. मी वर जाऊन पातं घेऊन आलो. तेवढ्यात नकाशेवाल्यांनी गाडीचं पुस्तक उघडलं होतं. ते म्हणाले, "थांबा. इथे छप्पर या रकान्यात 'कायमचे बंद' अशी नोंद आहे, शिक्क्यासकट." त्या दातांच्या डॉक्टरांना दात असो की टप, नोंद केल्याशिवाय चैन पडत नसावी. आता घाटाच्या पायथ्याशी तपासणी नाका आहे. कागदावर बंद आणि गाडीवर उघडं, असं दिसलं की तिथून परत पाठवतात आणि गाडी अडकवून ठेवतात ती वेगळीच. पातं खिशात ठेवून मी दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या कचेरीत गेलो.

कचेरीतल्या कारकुनाचा चेहरा इतका थकलेला होता की मला तो पाहून जरा धीर आला. वाटलं, हा आपला माणूस आहे. त्यानं अर्ज दिला. मी तो सगळा वाचला. तो म्हणाला, "काका, मागे रांग आहे." मी म्हटलं, मागच्या बाजूलाही मजकूर आहे, तोही वाचतो. मागच्या माणसानं खुर्ची आणली आणि बसला.

"कारण लिहा," कारकून म्हणाला.

"बायकोला बंद गाडी लागते."

"तसं लिहिता येत नाही. मालवाहतूक, दुरुस्ती किंवा इतर."

"मग इतर."

"इतर लिहिलं की कोणी ना कोणी विचारतं. दुरुस्ती लिहा."

मी दुरुस्ती लिहिलं. मग त्यानं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. छप्पर ज्या कारागिरानं बंद केलं त्याचं पत्र हवं, की ते उघडल्यानं गाडीच्या सांगाड्याला धोका नाही.

"तो कारागीर मीच," मी म्हटलं. मला वाटलं, आता याला आनंद होईल.

त्यानं पेन खाली ठेवलं. "अर्जदार आणि पत्र देणारा एकच माणूस चालत नाही."

"पण खरंच मीच शिवलंय. गाठ दाखवतो."

"गाठीचं काही नाही हो. तुम्ही तुम्हालाच पत्र कसं देणार? दुसरा कोणी कारागीर होता असं दाखवा."

"दुसरा नव्हता. होताच तर तो मेला असं समजा."

"मग त्याचा मृत्यूचा दाखला जोडा," तो म्हणाला. टिंगल नव्हती त्यात, मला मदत व्हावी म्हणूनच बोलत होता.

या एका मुद्द्यावर मी चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब रजेवर. दुसऱ्या खेपेला साहेब होते पण शिक्का रजेवर, म्हणजे शिक्का ज्याच्या कपाटात असतो तो. तिसऱ्या खेपेला हेडबाईंनी मला अर्ज शुद्ध करून दिला होता. तो इतका शुद्ध होता की कारकुनाला कळेना. चौथ्या खेपेला त्यानं मला कडेला घेतलं, डबा उघडला, अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "काका, गाडी दुसऱ्याच्या नावावर करा. मग अर्जदार तो, कारागीर तुम्ही. नियमात नात्याबद्दल काही लिहिलेलं नाही. हे असं काही कोणी करेल, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं."

गाडी बायकोच्या नावावर झाली. माझ्या नावावर एकूण सहा आठवडे होती. आयुष्यात माझ्या मालकीची गाडी तेवढीच.

पण नव्या मालकानं साहेबांसमोर जातीनं सही करायची होती, आणि त्याच वेळी गाडीही पाहणीला आणायची होती. कचेरी घरापासून चालत सव्वा तास. बंद गाडीत बायको बसणार नाही. म्हणून असं ठरलं की ती फुटपाथवरून चालेल आणि मी तिच्या बाजूनं गाडी तिच्या चालीनं नेईन. एकटी कुठे चालत जाणार, वाटेत चक्कर आली तर, असा माझा विचार. चांगलाच होता.

अर्ध्या रस्त्यात एका भरभक्कम माणसानं गाडीपुढे येऊन मला थांबवलं. तो दूधकेंद्रावर उभा होता आणि बराच वेळ आमच्याकडे बघत असावा.

"काका, पांढऱ्या केसांची तरी लाज बाळगा. मघापासून बाईंच्या मागे लागलाय."

"अहो, ती माझी बायको आहे."

"असं सगळेच म्हणतात." मग त्यानं बायकोला विचारलं, "ताई, ओळखता का याला?"

बायको थांबली. तिनं घाम पुसला. माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, हूडकडे जरा जास्त वेळ पाहिलं. चोपन्न वर्षांच्या संसारात तिनं एखाद्या प्रश्नाला इतका वेळ घेतलेला मला आठवत नाही.

"ओळखते," ती म्हणाली. "पण तुम्ही विचारलंत ते बरं केलंत."

कचेरीत साहेब स्वतः बाहेर आले. त्यांनी हूडवरून हात फिरवला, शिवण पाहिली आणि माझ्याकडे वळले. "इतकं पक्कं काम उघडायचं कशाला? असं आता मिळत नाही." माझा जीव सुपाएवढा झाला. मी त्यांना मेणाबद्दल सांगायला सुरुवात करणार होतो, पण बायको पुढे झाली.

"साहेब, माझी बहीण घाटावर असते. तिचे कान जाताहेत. पुढच्या वर्षी मी पोचले तरी उपयोग नाही. काम चांगलं आहे, पण उघडा."

साहेब कारकुनाकडे वळले. मग म्हणाले, "सही कुठे करायची ते दाखवा रे यांना." आणि मला म्हणाले, "इथेच उसवा. उघडलेलं पाहिल्याशिवाय मला उघडं असं लिहिता येणार नाही."

तेव्हा कचेरीच्या आवारात स्टूल टाकून मी बसलो. पातं माझ्या खिशात होतंच. टाके तोडायला तीन तास लागले. चोवीस वर्षांत एकही टाका ढिला झाला नव्हता. दोऱ्याचं मेण अजून बोटाला लागत होतं. माझ्या हातून अशी कामं आयुष्यात चार-पाचच झाली असतील, बाकीची पोटापुरती. त्यातलं एक मी स्वतःच टाका टाका करून मोडत होतो, आणि आजूबाजूला जेवणाच्या सुट्टीतले कारकून उभे राहून सल्ले देत होते. एक म्हणाला, काका, कात्री घ्या. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. कात्रीनं कापड दुखावतं.

शेवटची गाठ सुटली तसा हूड मागे पडला. पडला म्हणजे कोसळला. हूडच्या आतल्या लोखंडी कमानी गंजून गेल्या होत्या. माझ्याच शिवणीनं त्यांना इतकी वर्षं उभं धरलं होतं. मेस्त्रीनं नंतर पाहून सांगितलं की आता तो पुन्हा कधी वर येणार नाही. साहेबांनी 'कायमचे बंद' वर काट मारली, 'उघडे' असं लिहिलं, आणि जरा विचार करून पुढे 'कायमचे' असंही घातलं.

बायकोनं परतीचा सगळा रस्ता मागच्या सीटवर बसून काढला. एक शब्द बोलली नाही. मला धडकी भरली, आरशात पाहिलं. डोळे मिटून ती वाऱ्याकडे तोंड करून बसली होती. घराशी उतरल्यावर म्हणाली, "घरात खायला काय आहे?"

त्या रविवारी आम्ही निघालो. नाक्यावरच्या पोलिसानं पुस्तक वाचलं, 'छप्पर: उघडे, कायमचे', मग मान वर करून आभाळाकडे बघून खात्री करून घेतली आणि जा म्हणाला. घाटात ऊन सगळं माझ्यावर होतं. बायकोनं आपल्यासाठी छत्री आणली होती. मी डोक्याला टोपी, कानाला मफलर, डोळ्यांना काळा चष्मा आणि नाकाला रुमाल असा बांधून बसलो होतो, तरी वर पोचेपर्यंत उरलेलं नाक भाजून निघालं. चार तासांच्या वाटेला सहा तास लागले, कारण इंजिन मी पाहिलं नव्हतं. त्याबद्दल मी कोणाशी बोलत नाही.

बहीण फाटकात काठी धरून उभी होती. मी उतरून तिला घरात न्यायला हात पुढे केला. तिनं काठी माझ्या हातात दिली, मला बाजूला केलं आणि उघड्या दारातून सरळ मागच्या सीटवर जाऊन बसली. दोघी बसल्यावर तिथे तसूभर जागा उरली नाही. खांद्याला खांदा, गुडघ्याला गुडघा, आणि बायकोचं तोंड बरोबर तिच्या कानाशी. घरातल्या कुठल्याच खुर्च्या इतक्या जवळ नसतात. मी म्हटलं, आत जाऊन बसूया का? दोघींपैकी कोणाला ऐकू आलं नाही. एकीला येत नव्हतं, दुसरीला यायचं नव्हतं.

मग अकरा वर्षांचं बोलणं सुरू झालं. कानाशी बोलायचं म्हणजे ओरडून बोलायचं, आणि गाडीला टप नव्हता. पाचच मिनिटांत समोरच्या घरातल्या बाई धान्य निवडायला बाहेर येऊन बसल्या. शेजारणीनं बसायला वेताचा मोडा आणला. मी काठी घेऊन पुढच्या सीटवर बसलो, कारण दुसरीकडे कुठे बसावं ते कळेना.

बहिणीचं दुखणं झालं, पाय झाले, कोण गेलं कोण राहिलं ते झालं. मग न्हाणीघराची फरशी निघाली, आणि तिच्यावरून कोण घसरलं आणि कसं पडलं ते सगळ्या गल्लीला कळलं. त्यानंतर माझीच पाळी होती. मी घोरतो ते. मी हिशेब न करता चार दिवस एका टपावर घालवतो आणि घरचं पाय मोडलेलं स्टूल तसंच राहतं ते. चार चौघांत कोणी कामाची तारीफ केली की मी उधारीवर काम करून देतो ते. दलालाला दिलेलं व्याख्यान तिनं जवळजवळ जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मोड्यावरची शेजारीण हसताना पडता पडता राहिली. मी समोर बघत बसलो. स्टिअरिंगवर हात ठेवले, तेवढाच आधार.

दोन तास झाले असतील. बहीण जरा थांबली. मग ती बायकोच्या कानाशी झुकली आणि तिच्या समजुतीनं कुजबुजली. ऐकू न येणाऱ्या माणसाची कुजबुज काय असते ते मला तेव्हा कळलं, पलीकडच्या वळणावरचा माणूस मागे वळला.

"हळू बोल गं. नवऱ्याचं सगळं सांगतेस, ड्रायव्हर ऐकतोय."

मी मफलर सोडला नाही की चष्मा काढला नाही. आरशात बघायचा मोह झाला, तोही आवरला. मागे बायकोनं उत्तराला इतका वेळ घेतला की मला वाटलं, आता पुन्हा एकदा ओळखते का ते ठरणार.

मग तिचा हात मागून आला, माझ्या खांद्यावरची धूळ तिनं झटकली आणि बहिणीच्या कानात, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ऐकू दे, ताई. त्यानंच आणलंय मला."